‘हे सगळं स्टुडिओत शूट केलंय’ : अंतराळ स्थानकाच्या व्हिडिओंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत, शाळांमधल्या व्याख्यानांनंतर आणि मुख्यतः व्हॉट्सॲपवर अनेकदा पुढे पाठवल्याचा शिक्का मिरवत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे, खवचटपणासकट. उत्तरांतही तो थोडा उतरला असेल, तर चालवून घ्या. सगळं क्रमाने वाचायची गरज नाही. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तिथे क्रमांक दिला आहे.

१. मुळात हे स्थानक वर आहे कशावरून? व्हिडिओ काय, कोणीही बनवतं.

व्हिडिओ कोणीही बनवतं, हे अगदी खरं. म्हणून सुरुवात व्हिडिओपासून करूच नका, आभाळापासून करा.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग, ‘झार्या’, २० नोव्हेंबर १९९८ रोजी कझाकस्तानातल्या बायकोनूरहून गेला. २ नोव्हेंबर २००० पासून तिथे कायम कोणी ना कोणी राहतंय. जमिनीपासून ४०० ते ४२० किलोमीटरवर, ताशी साडेसत्तावीस हजार किलोमीटरहून अधिक वेगाने ते पृथ्वीला साधारण ९२-९३ मिनिटांत एक फेरी घालतं. लांबी १०९ मीटर, वस्तुमान ४०० टनांच्या वर. एवढी मोठी, चकचकीत सौर पंखांची वस्तू उन्हात असली की खालून दिसणारच, आणि ती दिसते. नासा, रशिया, यूट्यूब यांपैकी कोणावरही विश्वास नसला तरी दिसते.

२. मला माझ्या डोळ्यांनी दिसेल का? दुर्बीण लागेल का?

दिसेल. दुर्बीण लागत नाही, चष्मा असेल तर तेवढा लावा.

स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते, त्यामुळे ते उत्तर आणि दक्षिण ५१.६ अक्षांशांच्या मधल्या सगळ्या प्रदेशावरून जातं. अख्खा भारत त्यात येतो. मुंबई-पुण्यावरून तर ते कधीकधी अगदी डोक्यावरून जातं. बघायची वेळ म्हणजे सूर्यास्तानंतरचा किंवा सूर्योदयापूर्वीचा दीड-दोन तासांचा काळ. तेव्हा आपल्याकडे अंधार असतो, पण ४०० किलोमीटर उंचीवर अजून ऊन असतं. मध्यरात्री ते डोक्यावरून गेलं तरी पृथ्वीच्या सावलीत असल्यामुळे सहसा दिसत नाही, आणि ‘कुठेय तुमचं स्थानक?’ असा रात्री बाराला येणारा निरोप त्यामुळे वाया जातो.

ओळखायचं कसं? ते पश्चिमेच्या बाजूने येतं आणि पूर्वेच्या बाजूला जातं, वायव्येकडून आग्नेयेकडे किंवा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे. लुकलुकत नाही. विमानासारखे लाल-हिरवे दिवे नाहीत, आवाज नाही. चांगल्या फेरीत पाचेक मिनिटं दिसतं आणि तेव्हा सगळ्या ताऱ्यांपेक्षा ठळक असतं, कधी शुक्राच्याही वरचढ. वेळा नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ ॲपवर मिळतात. नासाचं नाव काढताच कपाळावर आठी पडत असेल, तर ‘हेवन्स-अबव्ह’ हे संकेतस्थळ आहे. तेही नको असेल, तर कक्षेचे आकडे उघड उपलब्ध असतात, त्यावरून गणित स्वतः करता येतं.

३. तो नुसता एक ठिपका असतो. विमान, ड्रोन किंवा होलोग्राम नसेल कशावरून?

प्रश्न चांगला आहे, कारण याची शहानिशा घरबसल्या करता येते. एक मित्र पुण्यात हवा, एक नागपुरात.

ही दोन शहरं सरळ रेषेत साधारण ६२० किलोमीटर दूर आहेत. स्थानक पुण्याच्या बरोबर डोक्यावर असेल, त्याच क्षणी नागपूरकराला ते क्षितिजापासून सुमारे ३० अंश वर दिसायला हवं. पसरलेल्या पंजात अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत, हात ताठ धरला तर, साधारण २० अंश भरतात, म्हणजे ३० अंशांना दीड वीत. आता विमानाचं बघा. ११ किलोमीटर उंचीवरचं, पुण्यावरचं विमान नागपुरातून दिसणं शक्यच नाही, ते क्षितिजाच्या कितीतरी खाली असेल. ड्रोनची तर गोष्टच सोडा. दोन्ही गच्च्यांवरून एकाच वेळी कोन मोजा, उंची स्वतः काढा. उत्तर ४०० किलोमीटरच्या आसपास येतं. इतक्या वर, इतक्या वेगाने, ठरल्या वेळी जाणारा होलोग्राम कोणी बनवला असेल, तर त्याचं खरंखुरं स्थानक बनवणाऱ्यापेक्षा जास्त कौतुक करायला हवं.

ठिपक्यापलीकडे बघायचं असेल तर हौशी छायाचित्रकारांनी दुर्बिणीतून काढलेली चित्रं पाहा. सौर पंख, आडवा सांगाडा, चिकटलेली यानं वेगवेगळी ओळखू येतात. फ्रान्सचे तिएरी लगो सूर्यबिंबावरून आणि चंद्रबिंबावरून सरकणाऱ्या स्थानकाचे फोटो काढण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. हा प्रसंग जेमतेम सेकंदभराचा असतो, आणि त्यासाठी नेमक्या जागी, नेमक्या क्षणी उभं राहावं लागतं. महाराष्ट्रातही मंडळी कमी नाहीत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. एखाद्या आकाशदर्शनाला जाऊन बसा.

‘ठिपका मधेच विझला, म्हणजे प्रोजेक्टर बंद पडला’ हाही निरोप येतो. ते पृथ्वीच्या सावलीत शिरलं. कुठल्या सेकंदाला शिरणार, हे आधीच छापलेलं असतं.

४. वर गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून तरंगतात म्हणे. मग स्थानक पृथ्वीभोवती फिरतं कशामुळे? पकडलं ना!

पकडलं खरं, पण नासाला नव्हे, शाळेतल्या अर्धवट धड्याला. स्थानकाच्या उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या ८८-८९ टक्के असतं. ४०० किलोमीटर उंचीचा, न फिरणारा मनोरा बांधून त्याच्या टोकावर कोणी वजनकाटा ठेवला, तर ७० किलोचा माणूस त्यावर ६२ किलो भरेल आणि मुळीच तरंगणार नाही.

स्थानकातली माणसं तरंगतात, कारण स्थानक आणि ती माणसं, दोघंही एकाच वेगाने सतत पडत आहेत. दर सेकंदाला स्थानक पृथ्वीकडे सव्वाचार मीटरच्या आसपास पडतं. त्याच सेकंदात ते साडेसात किलोमीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं, आणि तेवढ्या अंतरात पृथ्वीचा पृष्ठभागही वक्रतेमुळे तितकाच खाली गेलेला असतो. म्हणून पडणं चालूच राहतं, आपटणं होत नाही.

५. पडणाऱ्या विमानातही माणसं तरंगतात. सगळं तिथेच शूट करत असतील.

विमानातही तरंगतात, हे बरोबर. अंतराळवीरांचा सराव तसा होतो आणि चित्रपटवाल्यांनीही ते तंत्र वापरलं आहे. पण विमान एका झेपेत २० ते २५ सेकंदच ही अवस्था देतं. मग वैमानिकाला नाक वर काढावं लागतं, आणि आतल्या सगळ्यांचं वजन जवळजवळ दुप्पट होतं.

नोव्हेंबर २०१२ मध्ये परतीच्या आधी सुनीता विल्यम्सनी स्थानकाची सैर घडवणारा व्हिडिओ केला, सुमारे २५ मिनिटांचा. झोपायच्या कप्प्यापासून संडासापर्यंत सगळं दाखवलंय. त्यातले सलग, न तोडलेले तुकडे मिनिटामिनिटांचे आहेत. विमानात असतं तर दर वीस-पंचवीस सेकंदांनी बाई, कॅमेरा आणि भिंतीवरचं सगळं सामान धाडकन तळाला गेलं असतं. एकदा घड्याळ लावून बघा. बहुतेक शंकेखोर हा व्हिडिओ पुढे पाठवतात, पण पूर्ण पाहत नाहीत.

६. कमरेला दोऱ्या बांधलेल्या असतात. एका व्हिडिओत शर्ट पाठीवर फुगलेला स्पष्ट दिसतो!

शर्ट फुगतोच. खाली ओढणारं वजन जाणवत नसल्यामुळे कापड अंगावर बसत नाही, हवेत सैल राहतं. खिशातलं पेन, कमरेचा पट्टा, गळ्यातली दोरी, सगळंच असं वागतं.

आता दोऱ्यांचा हिशोब मांडा. एकाच चौकटीत चार माणसं, एक उलटं, दोन आडवी, चौथं त्यांच्यामधून कोलांटी मारत पलीकडच्या दारातून पुढच्या खोलीत जातं. चार माणसांच्या दोऱ्या एकमेकींत न गुंतता त्या दारातून कशा गेल्या? वर दाण्याचं एक पाकीट, तीन टोप्या आणि पाण्याचा गोळा तरंगतोय, त्यांना वेगळ्या दोऱ्या. पाण्याच्या गोळ्याला गाठ कुठे मारतात, हे मला कोणी अजून सांगितलेलं नाही.

पाण्याचंच बघायचं तर २०१३ मध्ये कॅनडाच्या ख्रिस हॅडफील्डने केलेला ओला रुमाल पिळायचा प्रयोग पाहा. शाळकरी मुलींनी सुचवलेला होता. पिळलेलं पाणी खाली पडत नाही. ते रुमालाभोवती नळीसारखं चिकटून बसतं आणि हातांवर चढतं. पृष्ठताण आपल्याकडेही असतो, पण इथे वजनापुढे त्याचं काही चालत नाही.

७. सुनीता विल्यम्सचे केस सगळीकडे उभे. हेअरस्प्रे मारलाय, कळत नाही का आम्हाला?

या प्रश्नाने २०२४-२५ मध्ये, त्यांचा मुक्काम ८ दिवसांवरून २८६ दिवसांवर गेला तेव्हा, आमचं फार मनोरंजन केलं.

हेअरस्प्रेने ताठ केलेले केस एका ठिकाणी थिजतात. डोकं वळवलं की सगळे एकगठ्ठा वळतात. व्हिडिओत त्या मान वळवतात तेव्हा केस थोडे मागे राहतात, मग येतात, मग विरुद्ध बाजूला झुलतात, आणि प्रत्येक बट वेगळी. कॅरन नायबर्ग यांनी २०१३ मध्ये स्थानकावर केस कसे धुतात ते करून दाखवलं. ओले, साबण लावलेले लांब केस वर उभे आहेत. ओल्या केसांवर टिकणारा स्प्रे निघाला, तर तो अंतराळात नाही, लग्नसराईत विकला जाईल.

८. स्पेसवॉक पाण्याच्या टाकीत होतो. टाकी तर नासा स्वतःच दाखवते!

दाखवते, लपवत नाही. ह्यूस्टनला जॉन्सन अंतराळ केंद्राजवळ स्पेसवॉकच्या, म्हणजे यानाबाहेर पडून काम करण्याच्या, सरावासाठी हा तलाव आहे. सुमारे ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद, १२ मीटर खोल. त्यात स्थानकाच्या भागांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती बुडवलेल्या असतात, आणि प्रत्येक अंतराळवीराभोवती पाणबुडे फिरत असतात.

पहिली अडचण आकाराची. १०९ मीटरचं स्थानक ६२ मीटरच्या तलावात मावत नाही, म्हणून तिथेही ते तुकड्यांत ठेवावं लागतं. स्थानकाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत दिसणारी सलग चित्रफीत त्या पाण्यात घेता येणार नाही. दुसरी अडचण पाण्याची. पाणी हालचालीला अडवतं. सोडलेला दोर पाण्यात लगेच थबकतो, बाहेर तो वळसे घेत राहतो.

आणि तिसरी गंमत. नोव्हेंबर २००८ मध्ये स्पेसवॉक करताना हायडमेरी स्टेफानिशिन-पायपर यांच्या हातून अवजारांची पिशवी सुटली. ती निघून जाताना चित्रीकरणात दिसते. पुढे ती पिशवी स्वतंत्रपणे पृथ्वीभोवती फिरत राहिली, आणि हौशी निरीक्षकांनी तिला जमिनीवरून गाठलं. २०२३ च्या नोव्हेंबरात पुन्हा तसंच झालं, एक पिशवी सुटली आणि लोकांनी ती साध्या द्विनेत्रीने पाहिली. तलावातून सुटलेली पिशवी आभाळात कशी पोचली, याचं उत्तर शंकेखोरांकडून यायचं बाकी आहे.

९. पण स्पेसवॉकमध्ये बुडबुडे दिसतात त्याचं काय?

ते बर्फाचे कण, रंगाचे टवके, आवरणाच्या चिंध्या असतात. बुडबुडा नेहमी वरच जातो. ह्या कणांपैकी एक डावीकडे जातो, एक सरळ कॅमेऱ्याकडे येतो, एक खाली, आणि सगळे सरळ रेषेत, वेग न बदलता.

इथेच लोक १६ जुलै २०१३ चा प्रसंग काढतात. इटलीच्या लुका पार्मितानो यांच्या शिरस्त्राणात स्पेसवॉक चालू असताना पाणी साठू लागलं. ‘पाहा, तलावातलं पाणी आत आलं!’ प्रत्यक्षात पोशाखाच्या थंडाव्याच्या यंत्रणेतून ते गळत होतं. तलावात पोशाख फुटला असता तर पाणी खालून वर भरलं असतं, आधी पायांत. त्यांच्या बाबतीत ते डोक्याच्या मागून सरकत कान, डोळे आणि नाकपुड्यांवर चिकटून बसलं. बुडून मरायची वेळ आली होती. स्पेसवॉक तिथेच थांबवला. हा विनोदाचा विषय नाही, तरी निरोप अजून फिरतोय.

१०. मग संगणकाची ग्राफिक्स. आजकाल काहीही करता येतं.

आजकाल येतं. १९७३ मध्ये येत नव्हतं. त्या वर्षी अमेरिकेच्या ‘स्कायलॅब’मध्ये अंतराळवीर गोल भिंतीवरून पळत कोलांट्या मारत होते, आणि ते फिल्मवर आहे. सोव्हिएत ‘सॅल्यूट-१’ त्याच्याही आधी, १९७१ मध्ये गेलं. ‘आजकाल’वाल्यांना पन्नास वर्षं मागे जाऊन तिथलाही हिशोब द्यावा लागेल.

११. आभाळ काळंकुट्ट, एकही तारा नाही! पडदा लावायला विसरले वाटतं?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न. याचं उत्तर तुमच्या खिशात आहे.

गणपतीत संध्याकाळी रोषणाईने झगमगणाऱ्या मांडवासमोर उभे राहा. मोबाइलवर मांडवाचा आणि वरच्या आभाळाचा मिळून एक फोटो काढा. मांडव नीट आला, तर आभाळात तारे दिसणार नाहीत. तारे आणायला निघालात, तर मांडव पांढराफटक होईल. कॅमेरा किती प्रकाश आत घेणार हे एकदा ठरलं, की त्या चित्रात एकाच वेळी फार ठळक आणि फार अंधूक, दोन्ही मावत नाही. वर तर उन्हातली पृथ्वी, पांढरे पोशाख आणि चमकते सौर पंख असतात. त्यांच्यासाठी झडप सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरतीच उघडते. ताऱ्यांना तेवढ्यात वावच मिळत नाही.

तारे हवे असतील तर स्थानक पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला असताना काढलेले फोटो पाहा. अंतराळवीर डॉन पेटिट यांनी अशा चित्रांत आयुष्य घातलं आहे. त्यात तारे आहेत, आकाशगंगा आहे, वातावरणाची हिरवट कडा आहे. तिथे उलटी पंचाईत होते. झडप काही सेकंद उघडी ठेवली, की स्थानकाच्या वेगामुळे खालची शहरं फराटे होतात. २००३ च्या सुमारास पेटिट यांनी वर पडलेल्या सुट्या भागांतून, एका ड्रिलच्या मदतीने, कॅमेरा शहराच्या वेगाने वळवणारी खटपटी जोडणी बनवली, आणि शहरांचे दिवे प्रथमच एवढे स्वच्छ उमटले. स्टुडिओ असता तर ड्रिल कशाला लागलं असतं, दुसऱ्यांदा शूट केलं असतं.

१२. मुलाखत चालू असताना एकाचा हात गायब झाला. ग्रीन स्क्रीनची चूक ना?

व्हिडिओ दाबून कसा पाठवतात, हे माहीत असलं की यातलं गूढ जातं. सेकंदाची पंचवीस-तीस पूर्ण चित्रं पाठवणं परवडत नाही. म्हणून अधूनमधून एक पूर्ण चित्र जातं, आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच. चित्राचे चौकोनी तुकडे पाडतात, आणि ‘हा तुकडा इकडे सरकव’ असा निरोप पुढे जातो. वाटेत एखादा निरोप गळाला, तर पडद्यावर जुनाच तुकडा राहतो. मागे भिंत होती, हात पुढे आला, पण हाताचा तुकडा पोचलाच नाही. झालं, हात गायब. पुढचं पूर्ण चित्र आलं की परत हजर.

पावसात केबल टीव्हीवर निवेदकाचं अर्धं तोंड चौकोनी झालेलं सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा कोणी ‘हा निवेदक अस्तित्वातच नाही’ म्हणत नाही.

खऱ्या ग्रीन स्क्रीनच्या चुका वेगळ्या असतात. केसांच्या कडांना हिरवी झाक येते, कडा कुरतडल्यासारख्या दिसतात, आणि कॅमेरा हलला की मागचं दृश्य पुढच्याशी जुळत नाही. प्रश्न ५ मधल्या सैरीत कॅमेरा एका खोलीतून दुसरीत, कोपऱ्यांमागे, कपाटांत जातो. तिथे हिरवा पडदा टांगायचा कुठे?

१३. लाइव्ह चालू असताना अचानक निळा पडदा येतो. काहीतरी लपवतात!

स्थानकाचं चित्र सरळ जमिनीवर येत नाही. आधी ३६ हजार किलोमीटरच्या आसपास उंचीवरच्या नासाच्या दळणवळण उपग्रहांकडे जातं, तिथून खाली. एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे जाताना खंड पडतो. कधी स्थानकाचाच एखादा भाग अँटेनाच्या आड येतो. प्रश्नानंतर अंतराळवीर थोडा वेळ गप्प राहून हसत बसतो, त्याचंही कारण ह्याच वळशात आहे. आवाज वर-खाली दोनदा एवढं अंतर कापतो, त्यातच अर्धा सेकंद जातो, आणि यंत्रांचा वेळ वेगळा.

निळ्या पडद्याच्या वेळी बाहेर काय आहे, हे बघायचं असेल तर प्रश्न २ प्रमाणे गच्चीवर जा. आभाळावर कोणी निळा पडदा टाकत नाही.

१४. एका व्हिडिओत पृथ्वी एकदम गोल, दुसऱ्यात जवळजवळ सपाट. आधी ठरवा तरी!

ही शंका या यादीत सर्वांत रास्त आहे. रुंद कोनाचं भिंग सरळ रेषाही वाकवतं. स्पेसवॉकमध्ये पोशाखाला लावलेल्या छोट्या कॅमेऱ्यातून पृथ्वी फुगलेल्या चेंडूसारखी दिसते, आणि क्षितिज चौकटीच्या वरच्या कडेला गेलं की जास्त वाकतं, मध्यावर आलं की कमी. लांब भिंगातून क्षितिजाचा छोटा तुकडा घेतला तर तो सपाट भासतो. त्यामुळे ‘बघा किती गोल’ म्हणून माशाच्या डोळ्यासारख्या भिंगाचा फोटो पुरावा म्हणून नाचवणारे आमच्या बाजूचे उत्साही लोकही चुकतातच.

स्थानकावरून क्षितिज सुमारे २,३०० किलोमीटरवर असतं. म्हणजे एका वेळी पृथ्वीचा एक तुकडाच दिसतो, अख्खा गोळा नाही. हे लक्षात ठेवा, प्रश्न १९ मध्ये कामाला येईल.

१५. चीनच्या स्थानकात टेबलावर पाण्याचा ग्लास व्यवस्थित उभा होता. तिथे बरं नाही तरंगलं?

तिआनगाँग स्थानकावरून २०२१ मध्ये मुलांसाठी झालेल्या वर्गाचा हा व्हिडिओ. ग्लास टेबलाला चिकटवलेला होता. आतलं पाणी काचेला धरून बसलं होतं, आणि त्याला बाहेर ओढणारं काहीच नसल्यामुळे तिथेच राहिलं. वजनरहित अवस्थेत वस्तू आपणहून उडत नाही. धक्का दिला तरच ती जागची हलते. पाणी ग्लासातून बाहेर उडी मारेल ही अपेक्षाच चुकीची.

१६. सगळे देश आतून मिळालेले असतील.

आतून? २०११ पासून अमेरिकेच्या कायद्याने नासाला चीनशी थेट सहकार्य करायला जवळजवळ बंदी आहे. चीनने तर स्वतःचं वेगळं स्थानक बांधलं. तिथेही तसेच केस उभे राहतात, तसेच पाण्याचे गोळे होतात. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाने स्वतःचाच जुना उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. त्याच्या तुकड्यांच्या भीतीने आंतरराष्ट्रीय स्थानकावरच्या सगळ्यांना, रशियन अंतराळवीरांसकट, आपापल्या यानांत जाऊन बसावं लागलं. वॉशिंग्टनमधून मॉस्कोवर त्याबद्दल जाहीर टीका झाली. एकमेकांना अडचणीत आणायला टपलेल्या या राजधान्यांपैकी एकीला तरी ‘अमेरिकेचं स्थानक खोटं आहे’ हे जगाला सांगायचा मोह आवरला नसता.

१७. शुभांशु शुक्ला गेले तेही खोटंच?

२५ जून २०२५ ला उड्डाण, दुसऱ्या दिवशी स्थानकावर, १५ जुलैला कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात परत. १९८४ मध्ये सॅल्यूट-७ वर गेलेल्या राकेश शर्मांनंतर पृथ्वीच्या कक्षेत जाणारे ते दुसरे भारतीय आणि या स्थानकावर पाऊल ठेवणारे पहिले. पाऊल ठेवणारे म्हणायचं इतकंच. २८ जूनला पंतप्रधानांशी बोलताना पाय बांधून ठेवलेत, नाहीतर वर जाईन, असं त्यांनीच सांगितलं. सोबत गाजर हलवा, मूग डाळीचा हलवा आणि आमरस नेला होता. जूनअखेरीस वर आमरस खाणाऱ्या माणसाबद्दल इथे काहींना शंकेपेक्षा हेवा जास्त वाटला असावा.

पाय बांधणं ही युक्तीच, असा पुढचा प्रश्न येतो. न बांधता तरंगणारे शुक्ला त्याच मोहिमेच्या इतर चित्रफितींत भरपूर आहेत, आणि दोऱ्यांचं उत्तर प्रश्न ६ मध्ये आहे.

१८. डोळ्यांवर विश्वास नाही. कानांनी काही पडताळता येतं का?

येतं. स्थानकावर हौशी रेडिओ केंद्र आहे. त्याचं प्रक्षेपण १४५.८०० मेगाहर्ट्झवर साध्या एफएम पद्धतीने येतं. ४ जुलै २०२५ रोजी शुक्लांनी याच मार्गाने बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्राशी संवाद साधला. स्वतः बोलायचं असेल तर परीक्षा देऊन हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे हॅम मंडळी ठिकठिकाणी आहेत, एखाद्याकडे फेरीच्या वेळी जाऊन बसा.

स्थानक जवळ येताना लहरी ठरलेल्या आकड्याच्या थोड्या वर ऐकू येतात, दूर जाताना थोड्या खाली. फरक तीन-साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत जातो. तो वेगावरून ठरतो, आणि सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वेगाशीच जुळतो. शिवाय दिशादर्शक अँटेना फिरवली की आवाज नेमका त्या सरकत्या ठिपक्याकडूनच येतोय, हे कळतं.

१९. मग खोटे व्हिडिओ नसतातच का?

असतात, भरपूर. ऑक्टोबर २०१६ मध्ये काही फेसबुक पानांनी ‘स्थानकावरून थेट’ म्हणून चित्रण दाखवलं, लाखो लोक बघत बसले. ते जुनं चित्रमुद्रण होतं. ‘दिवाळीच्या रात्री अंतराळातून भारत’ हे चित्र आपल्याकडे दर दिवाळीला येतं. ते कुठल्याच दिवाळीचं नाही. अनेक वर्षांच्या उपग्रह नोंदी एकत्र करून, शहरांचे दिवे कसे वाढले ते वेगवेगळ्या रंगांत दाखवण्यासाठी अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या शास्त्रज्ञाने ते २००३ मध्ये बनवलं. नासाचं २००२ मधलं प्रसिद्ध पृथ्वीचित्रही एका क्षणाचा फोटो नव्हे. उपग्रहाने टिपलेल्या पट्ट्या जोडून केलेलं आहे, आणि तसं तेव्हाच सांगितलं होतं. संगणक खेळांतली दृश्यं असतात, यंत्राने रचलेली चित्रंही आता आली.

निवडायचं कसं? ‘स्थानकावरून थेट’ असं लिहिलंय आणि पृथ्वीचा पूर्ण गोळा दिसतोय, तर बंद करा, खोटं आहे (प्रश्न १४). तासभर चाललेलं ‘थेट’ दृश्य आणि मधे एकदाही रात्र झाली नाही, तर जवळजवळ नक्कीच चित्रमुद्रण आहे. दीड तासाच्या फेरीत साधारण पस्तीस मिनिटं अंधार असतो. अपवाद आहे. वर्षातून काही दिवस कक्षा अशी येते की स्थानक सतत किंवा जवळजवळ सतत उन्हात राहतं. म्हणून त्या क्षणी स्थानक कुठल्या देशावर आहे ते नकाशावर पाहा आणि खालचं दृश्य जुळवा. प्रशांत महासागरावर असताना खाली वाळवंट दिसत असेल, तर शंका घ्या, जरूर घ्या.

२०. तुमचं ऐकून काकांना गच्चीवर नेलं. स्थानक आलंच नाही! काका आता घरात कोणाला बोलू देत नाहीत. काय करू?

आधी बघा, वेळ कधीची उतरवून घेतली होती. विरळ हवेच्या घर्षणाने स्थानक हळूहळू खाली येतं, मग इंजिनं चालवून त्याला परत वर ढकलतात. त्यामुळे आठ-दहा दिवसांपूर्वीच्या तक्त्यातली वेळ काही मिनिटांनी चुकू शकते. त्याच दिवशी सकाळी ताजी वेळ घ्या. गाव बरोबर निवडलं होतं का, तेही पाहा. तक्ता मुंबईचा आणि गच्ची गोंदियाची, असं होतं. उंचीचा कोन ४० अंशांहून जास्त असलेली फेरी निवडा, कमी कोनाची फेरी समोरच्या इमारतीमागून जाते. जून ते सप्टेंबर तर हा कार्यक्रम ठरवूच नका.

एक फेरी हुकली म्हणून बिघडत नाही. संध्याकाळच्या फेऱ्या सलग काही दिवस येतात, मग पहाटेच्या, आणि साधारण दोन महिन्यांत चक्र पुन्हा फिरतं. पुढच्या वेळी मात्र वेळ काकांनाच काढायला सांगा, कागदावर लिहून घ्या, आणि गच्चीची किल्ली आधी शोधून ठेवा.